त्याला शिकवलं कोणी? मुलांसाठी जॅझ आणि आपल्यासाठी समीक्षेचा एक धडा



पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं की पहिलं मोठं काम गळ्यात पडतं ते साहित्याच्या आढाव्याचं. मग काय होतं? ‘अमुक यांनी 2008 साली असं म्हटलं, तमुक यांनी 2012 साली तसं म्हटलं’ अशी पानंच्या पानं भरली जातात. गाइड ती वाचतात आणि समासात एकच ओळ लिहितात: यात तुमचं म्हणणं काय?

सारांश म्हणजे समीक्षा नव्हे, हे सगळे सांगतात. करून मात्र फारसं कुणी दाखवत नाही. आज करून बघू. उदाहरण रसायनशास्त्रातलं घेतलं तर तुमच्यातले निम्मे लोक दुसऱ्या परिच्छेदालाच निघून जातील, म्हणून मुद्दाम बाहेरचं घेते: शाळकरी मुलांना जॅझ आणि स्विंग कसं शिकवायचं?

वसईत कुठलं आलं जॅझ, असं वाटेल. पण इथल्या मुलांनी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन चित्रात बघायच्या आधी लग्नाच्या वरातीत बघितलेला असतो. चर्चच्या गायनवृंदात गाणारी मुलं आहेत, कीबोर्डच्या क्लासला जाणारी आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडच्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाद्यांची ओळख करून द्यावी लागणार नव्हती. इतिहास मात्र द्यायचा होता. त्यासाठी मी तीन साधनं समोर ठेवली: मुलांसाठी लिहिलेलं एक जुनं अमेरिकन पुस्तक, मुंबईच्या जॅझवरचं एक पत्रकारी पुस्तक आणि भौतिकशास्त्राच्या नियतकालिकातला एक शोधनिबंध. तिन्ही चांगली आहेत. आणि तिन्ही एकाच जागी कमी पडतात. ती जागा कशी सापडते, हा आजचा विषय.

आधी शब्दांचा अर्थ

जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये ते आकाराला आलं, आणि जागच्या जागी सुचेल तसं वाजवणं हा त्याचा कणा आहे. स्विंग या शब्दाचे अर्थ दोन, आणि पुस्तकं ते बेलाशक मिसळतात. एक, साधारण 1935 ते 1945 या काळात मोठ्या वाद्यवृंदांनी नाचासाठी वाजवलेली जॅझची शैली. दोन, तालाचा तो झोका, ज्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो. पहिला अर्थ इतिहासाचा आहे, दुसरा मोजमापाचा. आढावा लिहिताना एकाच शब्दाचे असे दोन अर्थ दिसले, तर पहिल्याच पानावर ते वेगळे करून ठेवा. पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

साधन पहिलं: नायकाची गोष्ट

लँग्स्टन ह्यूज हे हार्लेमच्या चळवळीतले मोठे कवी. त्यांनी 1955 साली मुलांसाठी ‘द फर्स्ट बुक ऑफ जॅझ’ लिहिलं. आफ्रिकेतले ढोल, गुलामांची श्रमगीतं, ब्लूज, रॅगटाइम, स्विंग असा प्रवास ते छोट्या छोट्या प्रकरणांत सांगतात, आणि सगळ्याला धरून ठेवणारा धागा आहे लुई आर्मस्ट्राँग. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरचा गरीब पोरगा जगातला सगळ्यात प्रसिद्ध ट्रम्पेटवादक कसा होतो, ती गोष्ट.

पुस्तकाची ताकद सांगायलाच हवी. ह्यूज मुलांना खालच्या पायरीवर उभं करून बोलत नाहीत. जॅझची दहा मूलतत्त्वं ते यादी करून देतात, आणि त्यात वाजवण्याचा आनंद हेसुद्धा एक तत्त्व म्हणून मांडतात. हे धाडस आहे. आनंद मोजता येत नाही म्हणून यादीतून काढून टाकायचा मोह आपल्यासारख्या विज्ञानवाल्यांना लगेच होतो.

मर्यादाही तिथेच आहे. आनंदावर इतका भर आहे की ज्या वर्णभेदातून हे संगीत आलं तो फिका होतो. पण टीका करताना काळ बघा. 1953 साली ह्यूज यांना मॅकार्थी समितीपुढे उभं राहावं लागलं होतं. अशा माणसाने दोन वर्षांनी मुलांसाठी लिहिताना काय वगळलं असेल आणि का, हा प्रश्न ‘लेखकाने वर्णभेदाकडे दुर्लक्ष केले’ या एका वाक्यात मिटत नाही.

दुसरी अडचण नायककेंद्री इतिहासाची. आर्मस्ट्राँग आयुष्यभर सांगत राहिले की आपला जन्म 4 जुलै 1900चा, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. वर्षानुवर्षं तीच तारीख छापली गेली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1980च्या दशकात, टॅड जोन्स या अभ्यासकाला न्यू ऑर्लिन्सच्या एका कॅथलिक चर्चमध्ये त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. खरी तारीख निघाली 4 ऑगस्ट 1901. स्वतःच्या जन्माबद्दल माणसाने स्वतः सांगितलेली माहितीसुद्धा तपासायची असते, ती अशी. वसईतल्या मुलांना हे समजवायला दोन मिनिटं लागली. बाप्तिस्म्याची नोंदवही काय असते, हे त्यांच्यातल्या अर्ध्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मग आर्मस्ट्राँगची गोष्ट पुढे गेली: गरिबी, रस्ता, कॉर्नेट, शिकागो, कीर्ती. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘ताई, पण त्याला शिकवलं कोणी?’

उत्तर आहे. 1913च्या पहिल्याच दिवसांत, नववर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल झाडलं म्हणून आर्मस्ट्राँगची रवानगी काळ्या मुलांच्या एका सुधारगृहात झाली. तिथे बँड होता, आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक होते. कॉर्नेटचं रीतसर शिक्षण त्यांनी दिलं. पुढे मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर फेट मॅरेबल यांच्या वाद्यवृंदात नोटेशन वाचण्याचा सराव पक्का झाला. म्हणजे ‘रस्त्यावर आपोआप शिकलेला पोरगा’ या चित्रात एक वर्ग आहे, एक शिक्षक आहे आणि समोर कागद आहे. मुलांच्या गोष्टीत हे येतं ते एखाद्या ओळीपुरतं, कारण नायकाच्या गोष्टीला शिक्षक फारसा परवडत नाही.

हा प्रश्न खिशात ठेवून पुढच्या साधनाकडे या.

साधन दुसरं: मंचाची गोष्ट

पत्रकार नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ 2012 साली आलं. मुंबईच्या जॅझचा इतिहास मुलांपुढे ठेवायचा तर या पुस्तकाला वळसा घालता येत नाही. लिऑन ॲबी हे अमेरिकन व्हायोलिनवादक 1935 साली काळ्या वादकांचा जॅझ वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आले. त्याच वर्षी अमेरिकेत बेनी गुडमन यांच्या कार्यक्रमांनी स्विंगचं युग सुरू झालं असं मानतात. म्हणजे मुंबई पन्नास वर्षं मागे नव्हती, त्याच वर्षात होती. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. पुस्तकाचं नावच 1936 साली स्मिथ यांच्या वाद्यवृंदाने मुंबईत ध्वनिमुद्रित केलेल्या धुनेवरून घेतलेलं आहे, आणि ती धून रचली होती मुंबईच्याच मेना सायलस या ज्यू संगीतकाराने. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेले आणि 1945 साली तिथेच कॉलऱ्याने वारले.

पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ते हॉटेलचा मंच आणि सिनेमाचा स्टुडिओ एकाच नकाशावर आणतं. ताजमध्ये या पाहुण्यांबरोबर आणि त्यांच्यानंतर वाजवणारे बरेच वादक गोव्याचे होते. ब्रिटिश गेले, संस्थानिकांचा पैसा आटला, 1949 साली दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलातली कामं कमी झाली आणि वादक सिनेमाकडे वळले. तिथे त्यांचं नोटेशन वाचता-लिहिता येणं सोन्याच्या मोलाचं ठरलं. शंकर-जयकिशन यांच्या मोठ्या वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. अल्डोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे आपल्या सी. रामचंद्र यांचे सहायक होते. 1951च्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात ना, त्यातल्या एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. मुलांना हे दाखवलं की वर्ग जिंकलाच समजा.

पण थांबा. ते गाणं जॅझ आहे का? नीट ऐका. त्यात बोंगो आहे, ठेका लॅटिन अमेरिकन वळणाचा आहे. त्या काळात मुंबईत ‘जॅझ बँड’ म्हणजे नाचासाठी वाजवणारा कुठलाही वाद्यवृंद. एकाच रात्री तो फॉक्सट्रॉट, टँगो, रुंबा आणि वॉल्ट्झ वाजवायचा. फर्नांडिस यांना हे माहीत आहे, पण पुस्तकाचा ओघ इतका छान आहे की वाचणाऱ्याच्या मनात सगळ्याला ‘जॅझ’ हे एकच लेबल लागतं. तुमच्या आढाव्यात विचारायचा प्रश्न असा: हा शब्द त्या काळच्या लोकांचा आहे की आपण आज लावलेला?

दुसरं लेबल त्याहून चिवट आहे. चिक चॉकलेट यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. कौतुक म्हणून ठीक. इतिहास म्हणून हे वाक्य काय करतं ते बघा. मूळ तिथे, नक्कल इथे, असा क्रम ते गृहीत धरतं. मग अल्डोन्याचा मुलगा शिकला कसा, हे विचारायची गरजच उरत नाही. तो आर्मस्ट्राँगसारखा होता, संपलं.

आता खिशातला प्रश्न काढा. त्यांना शिकवलं कोणी? पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या आधाराने चालणाऱ्या गावोगावच्या शाळांमध्ये मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवत. शिकवणाऱ्याला मेस्त्र म्हणत. अँथनी गोन्साल्विस यांचं उदाहरण घ्या. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक, ज्यांच्या नावाचं पात्र 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’त आलं. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंद शिकवत, पहिलं शिक्षण तिथे झालं. मुंबईत आल्यावर त्यांनी स्वतः ज्यांना शिकवलं त्यांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन आहेत. म्हणजे माजोर्ड्याच्या चर्चपासून आपण रेडिओवर ऐकलेल्या गाण्यापर्यंत मधे फक्त दोन शिक्षक.

फर्नांडिस हे सांगत नाहीत असं नाही. पण त्यांच्या पुस्तकाचा प्रकाशझोत हॉटेलच्या मंचावर आहे, वर्ग पार्श्वभूमीत राहतो. ग्रेगरी बूथ यांच्या 2008च्या ‘बिहाइंड द कर्टन’मध्ये वादक स्वतः बोलतात, आणि तिथे शिकण्याबद्दल जास्त सापडतं. मात्र त्या मुलाखती घटनेनंतर कित्येक दशकांनी घेतलेल्या आहेत. आर्मस्ट्राँगच्या जन्मतारखेची गोष्ट इथे आठवा. आठवण हे साधन आहे, पुरावा होण्यासाठी तिला दुसऱ्या साधनाचा आधार लागतो.

साधन तिसरं: तीस मिलिसेकंदांची गोष्ट

आता आपल्या घरच्या मैदानावर येऊ. स्विंग शिकवता येत नाही, ते अंगात असावं लागतं, असं वादक सांगत आले आहेत. मोजता येतं का?

आधी मुलांसाठीचा प्रयोग, तुम्हीही करा. मिनिटाला 120 मात्रांची लय धरा, म्हणजे एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. तिचे दोन समान भाग केले तर 250 आणि 250. हे झालं सरळ, कवायतीसारखं. आता मात्रेचे तीन समान भाग करा, पहिल्या आणि तिसऱ्या भागावर टाळी द्या, दुसरा मोकळा सोडा. आता अंतरं झाली सुमारे 333 आणि 167, म्हणजे दोनास एक. झोका आला! तबला शिकणाऱ्या एका मुलाला हे समजावून सांगावं लागलं नाही, त्याने मला दुरुस्त करत लय वाढवून दाखवली.

पण लय वाढवली की काय होतं? 2002 साली स्वीडनमधल्या फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रॉम यांनी नामवंत ड्रमवादकांच्या ध्वनिमुद्रणांत हे गुणोत्तर मोजलं. ते स्थिर नसतं. लय संथ असेल तेव्हा दोनास एकपेक्षाही मोठं होतं, आणि लय वाढत जाते तसं एकास एककडे सरकतं. म्हणजे पुस्तकात छापलेलं ‘दोनास एक’ हा एक सोयीचा मधला आकडा आहे, नियम नाही.

मग आला 2022 चा शोधनिबंध. जर्मनीतल्या गटिंगेनच्या नेलियास, गायझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ‘कम्युनिकेशन्स फिजिक्स’मध्ये छापला. त्यांचा दावा असा: एकल वादक मात्रेवरचा स्वर ताल धरणाऱ्या वाद्यांच्या किंचित मागे वाजवतो, पण दोन मात्रांमधला स्वर बरोबर वेळेवर वाजवतो. हा उशीर किती, तर तीस मिलिसेकंदांच्या आसपास. त्यांनी मूळ वादनाची वेळ संगणकावर बदलून वेगवेगळ्या आवृत्त्या केल्या आणि जाणकार जॅझ वादकांना ऐकवल्या. असा उशीर घातलेली आवृत्ती जास्त स्विंग होणारी आहे असं ठरवलं जाण्याचे ऑड्स सुमारे साडेसात पट निघाले. ऐकणाऱ्यांना फरक जाणवत होता, पण तो नेमका कशामुळे आहे हे सांगता येत नव्हतं.

मला हा निबंध मनापासून आवडतो. त्यांनी नुसतं मोजलं नाही, तर बदल करून परिणाम बघितला. सहसंबंध आणि कारण यांतला फरक कोर्सवर्कमध्ये घोकायला लागतो, इथे तो डोळ्यांपुढे दिसतो. पण समीक्षेचे तीन प्रश्न विचारूच.

एक, साडेसात पट कशाची? ऑड्सची. संभाव्यतेची नाही, आणि ‘स्विंग साडेसात पट वाढलं’ असा अर्थ तर मुळीच नाही. बातम्यांमध्ये हे हमखास घसरतं.

दोन, ऐकणारे कोण? जॅझमध्ये मुरलेले वादक. वसईतल्या सातवीच्या मुलांना तोच फरक जाणवेल का, हे या प्रयोगाने सांगितलेलं नाही, तसा दावाही त्यांनी केलेला नाही. दावा नसलेल्या गोष्टीवरून टीका करू नका, पण दावा कुठे संपतो ते लिहा.

तीन, मोजलेलं वादन कुणाचं? त्यांनी वायमारमध्ये तयार झालेला, साडेचारशेहून अधिक एकल वादनांचा एक विदासंग्रह वापरला. त्यातली नावं बहुतेक अमेरिकेतली नावाजलेली. म्हणजे पहिल्या साधनातला नायकांचा इतिहास तिसऱ्या साधनात आकड्यांच्या वेषात परत येतो. ‘जॅझमध्ये असं असतं’ हे वाक्य वाचताना ‘ज्यांचं वादन जपलं गेलं त्यांच्या जॅझमध्ये’ एवढं मनात जोडून वाचा. 1936च्या मुंबईतल्या तबकड्यांवर हा उशीर आहे का? हा मोजण्याजोगा प्रश्न आहे, आणि तुमच्यातला कुणी ध्वनिशास्त्राकडचा असेल तर मी जागा सुचवून ठेवते.

मग रिसर्च गॅप कुठे आहे?

सिनॉप्सिसमध्ये आपण लिहितो, ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’. हे वाक्य शक्यतो टाळा. बहुतेक वेळा ते खरं नसतं, आणि खरं असलं तरी त्यातून काही निघत नाही. न लिहिलेले विषय अनंत आहेत.

त्याऐवजी असं बघा. पहिलं साधन ‘कोण’ याचं उत्तर देतं, दुसरं ‘कुठे’ याचं, तिसरं ‘नेमकं काय’ याचं. तिघांच्या मधोमध एक माणूस उभा आहे ज्याला तिघेही ओलांडून जातात: शिकवणारा. त्याची माहिती नाही असं नाही. पीटर डेव्हिस आहेत, मॅरेबल यांची बोट आहे, गोव्याचे मेस्त्र आहेत, अँथनी गोन्साल्विस यांचे वडील आहेत. ही माहिती विखुरलेली आहे, कारण तिला गोळा करणारा प्रश्न कुणी मध्यभागी ठेवला नाही. गॅप म्हणजे माहितीतलं भोक नव्हे, प्रश्नाची रिकामी खुर्ची आहे.

आता स्वतःच्या म्हणण्यावर हल्ला करा, कारण व्हायव्हात दुसरं कुणीतरी करणारच आहे. आक्षेप असा: जॅझ म्हणजे कागदावरून सुटका. चर्चच्या शाळेत स्वरवाचन शिकलेला मुलगा वाद्यवृंदात बसू शकेल, पण जागच्या जागी नवं वाजवणं त्याला तिथे कुणी शिकवलेलं नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच कामाचा आहे. वाचता येणं आणि मनाने वाजवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली वर्गात आली. दुसरी तीन मिनिटांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून आणि जाणत्या वादकाशेजारी रात्रभर बसून आली असणार. म्हणजे ‘शिकवलं कोणी’ याची उत्तरं दोन आहेत, आणि खरा संशोधनाचा प्रश्न आहे तो एकातून दुसऱ्यात जाण्याचा.

दुसरा आक्षेप: शिक्षकाचं कौतुक करताना संस्थेला सोवळं ठरवू नका. न्यू ऑर्लिन्सचं ते घर काळ्या मुलांना डांबण्याची जागा होती. गोव्यातल्या शाळा वसाहतीच्या आणि धर्मप्रसाराच्या व्यवस्थेचा भाग होत्या. मुलांनी तिथून संगीत उचललं, हे त्यांचं कर्तृत्व. मुलांना शिकवताना दोन्ही सांगायला हवं. सातवीतल्या मुलांना हे पेलतं.

आणि तिसरी सावधगिरी खास आपल्यासाठी. वसईतही चर्च, वसईतही बँड, तेव्हा गोव्याची गोष्ट इथेही लागू, असं म्हणण्याचा मोह होईल. पण वसईवरचा पोर्तुगीज अंमल चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये संपवला, गोव्याचा संपला 1961 मध्ये. मधे 222 वर्षं आहेत. गोव्यातली शाळा इथे तशीच चालू राहिली असं गृहीत धरता येणार नाही. इथल्या वादकाने नोटेशन चर्चमध्ये शिकलं, की गोव्याहून मुंबईत आलेल्या कुणाकडे, की पोलीस किंवा लष्करी बँडमध्ये, की वडिलांच्या शेजारी उभं राहून कानाने? हे शोधूनच कळेल.

आणि हे शोधायला वेळ फार नाही. 1950-60च्या दशकात शिकलेले वादक आज सत्तर-ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या हाताने लिहिलेल्या नोटेशनच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर असतील, आणि घर पाडून इमारत उभी राहायची वेळ आली की पहिली रद्दी त्यांचीच निघेल. विरार फास्टमध्ये चढून ताजपर्यंत जाता येतं आणि ताजचा इतिहास वाचताही येतो. नंदाखालच्या किंवा पापडीच्या लग्नात वाजवणाऱ्या ट्रम्पेटवाल्या काकांचे गुरू कोण, हे मात्र त्यांना विचारल्याशिवाय कुठेच वाचता येणार नाही.

तुमच्यासाठी काम

तुमच्या आढाव्यातली कुठलीही तीन साधनं घ्या. प्रत्येकासाठी फक्त तीन वाक्यं लिहा: हे साधन कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, त्यासाठी कोणता पुरावा वापरतं, आणि कुणाला ओलांडून पुढे जातं. मग तिन्हींची तिसरी वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचा. दोन ठिकाणी तोच माणूस, तोच पदार्थ किंवा तीच पायरी सुटलेली दिसली, तर तुमचा प्रश्न तिथे आहे. ‘फारसे संशोधन झालेले नाही’ खोडा आणि हे लिहा.

आणि तुमच्या घरी, गावात, ओळखीत एखाद्या जुन्या वादकाची वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. पानांचे फोटो काढा, वही कुणाची, कोणत्या सालची, कुणी कुणाला शिकवताना लिहिली, एवढं वेगळ्या कागदावर नोंदवा आणि तो कागद वहीतच ठेवा. मुलाखत घ्यायची असेल तर मात्र आधी लेखी संमती घ्या. तो फॉर्म कसा करायचा आणि एथिक्स कमिटीकडे काय काय न्यावं लागतं, ते पुढच्या लेखात.